बिबीजानचा डावा हात

पाण्यात हात घातला आणि बिबीजानला पाणी लागलंच नाही. ऊन लागलं नाही, गार लागलं नाही, ओलंसुद्धा लागलं नाही. मनगटापासून पुढचा हात पाण्याखाली गेलेला नुसता दिसला, त्याच्यावर वाफ, आणि वाफेच्या पलीकडं गळ्यात शिट्टी अडकवलेला जोतीराम मोठ्यानं आकडे मोजताना. पेठेतल्या महिला मंडळाच्या अर्ध्या दिवसाच्या सहलीचा हा जोतीराम म्होरक्या. पहाटं गाडी काढायची, गगनबावड्याचा घाट उतरायचा, गरम पाण्याची कुंडं दाखवायची, मग नारळी-पोफळीची बाग, आणि तिसऱ्या प्रहराच्या आत बायका आपापल्या चुलीपुढं परत, असं त्याचं गणित. कुंडावर आल्या आल्या तो म्हणाला होता, "ह्यात धा मोजंपतुर हात ठेवणारी बाई अजून कोल्हापुरातनं आली न्हाय!" झालं, बायका हट्टाला पेटल्या. कुणी दोनला ओरडली, कुणी बोट लावूनच मागं सरली. घरी आठ म्हशींचं दूध काढणाऱ्या दणकट झुंबरबाईनं तीनला हात काढला आणि जोतीरामाच्या सात पिढ्यांची चौकशी केली. बिबीजान बाजूला उभी राहून हसत होती. तिला ह्या पोरखेळात पडायचंच नव्हतं. पण जोतीराम म्हणाला, "चाची, तुमी नगा बसू काठावर. वय झालं तुमचं." वय काढलं की बिबीजानचं डोकं फिरायचं. बांगड्या भरायचा तिचा धंदा, उजव्या दंडावर बांगड्यांचं मलार, दोरीत ओवलेली चळत, अडकवलेलं होतं, म्हणून तिनं डावा हात पुढं केला. नाहीतर उजवाच केला असता, हाय म्हणून ओरडली असती, आणि तो दिवस इतर दिवसांसारखा निघून गेला असता.

दहा झाले, पंधरा झाले. बायका आधी "वाऽ चाची" म्हणत होत्या, मग गप झाल्या. अठराला जोतीरामाचा आवाज बारीक झाला आणि एकविसाला तो थांबला. "बास करा चाची. काढा," म्हणाला. त्याच्या तोंडावरचं हसू गेलेलं बघूनच बिबीजानला कळलं की इथं काहीतरी व्हायला पाहिजे होतं आणि ते झालेलं नाही. तिनं हात काढला. लालभडक हात, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. आणि त्या हातावरनं निथळलेले चार थेंब तिच्या पायाच्या पंजावर पडले, तर पाय चटकन मागं आला. चटका बसला पायाला. थेंबांनी पाय भाजला, आणि ज्या हातावरनं ते पडले तो हात गप.

"सत म्हनत्यात ते हे!" झुंबरबाई खाली वाकली आणि भर कुंडावर तिनं बिबीजानच्या पायाला हात लावला. "चाळीस वरसं बायकांचं आहेवपण जपलंय ह्या हातानं. जाळ तरी कसा शिवंल त्येला!"

"ऊठ गं म्हशे," बिबीजान म्हणाली. आवाज नेहमीसारखाच फटकळ निघाला, त्याचं तिलाच नवल वाटलं. "तुमच्यागत लोण्याचे हात हाईत व्हय माझे? काच हाताळून कातडं मेलंय." बायका हसल्या. तीही हसली. हसता हसता तिनं डावा हात पदराखाली घेतला, आणि पदर हाताला लागला का नाही ह्याच्याकडं तिचं ध्यान गेलं. नव्हता लागला.

जोतीरामाची पोपटपंची परत सुरू झाली. हा सगळा मुलूख एका काळी जमिनीतनं उकळून आलेला रस, आपल्या पायाखालचा काळा पत्थर म्हणजे गार झालेला जाळ, वरनं निवला पण पोटात अजून धग हाय, ते हे पाणी. पहिलं कुंड पुरुषांचं, हे दुसरं बायकांचं. "आणि ते खाली, झाडाच्या आड, तिसरं. तिकडं मातूर कुणी जायाचं न्हाय. रक्तपितीवाल्यांचं, महारोग्यांचं हाय ते." सगळ्यांनी माना वळवल्या. खालच्या पायरीवर एक म्हातारा पाठमोरा बसला होता, पायाला चिंध्या गुंडाळलेल्या. तो कुणाकडंही बघत नव्हता. बायकांनी पदर नाकाला लावले. बिबीजानचाही हात सवयीनं पदराकडं गेला आणि अर्ध्यात थांबला. मागं तिची सून सलमा उभी होती. सलमा त्या म्हाताऱ्याकडं बघत नव्हती. ती सासूच्या पदराकडं बघत होती.

कुंडाकडनं बागेकडं जायची वाट पाऊण कोसाची, चिऱ्याच्या गडग्यामधनं. बायका पुढं गाणी म्हणत चाललेल्या. बिबीजान मागं राहिली आणि मागं राहिल्यावर तिला ते सगळं वर्ष उलटं चालत आपल्याकडं येताना दिसलं. बांगडी भरायची म्हणजे लोकांना वाटतं उजव्या हाताचं काम. उजवा हात ढकलतो, दुसरं काय करतो? खरं काम डाव्याचं. समोरच्या बाईची मूठ डाव्यात घ्यायची, अंगठ्याचं हाड आत मोडायचं, बोटांची पेरं एकावर एक चढवायची, आणि हाड कुठं अडतंय, कातडं कुठं ताणतंय हे बोटांनी ऐकायचं. ऐकू आलं की उजव्यानं हलकेच पुढं. सासूनं तिला वर्षभर नुसतं डाव्या हातानं दुसऱ्याची मूठ धरायला शिकवलं होतं, बांगडी हातात द्यायच्या आधी. महाद्वारातल्या बोळाच्या तोंडाला तिच्या बसायच्या जागेवर हातकणंगल्यापासनं बायका यायच्या. दोन रुपायला मिळणारी बांगडी तीन रुपायला भरून घ्यायच्या, कारण बिबीजानच्या हातून काच वाढत नाही. फुटली म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं. मागच्या दिवाळीपासनं मात्र वाढायला लागली. आधी डझनात एक, मग दोन, मग पेठ वडगावच्या एका नव्या नवरीच्या मनगटात काचेचा तुकडा शिरला आणि रक्त थांबेना. तेव्हा बिबीजाननं काय केलं? सलमाला चारचौघांत उभी केली. "कुठल्या मेल्याकडनं आणलास ह्यो माल? काच हाय का पापड? डोळं फुटलं हुतं घेताना?" सलमा म्हणाली, "अम्मा, त्योच व्यापारी, त्योच माल." तर "तोंड चालवू नगंस" म्हणून तिच्या हातातलं मलार ओढून घेतलं. त्या दिवसापासनं सलमानं बोळात बसायचं नाही, घरी भाकऱ्या थापायच्या. "सलमाचा हात जड हाय," असं तिनं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला सांगितलं. पेठेत एकदा कुणाचा हात जड ठरला की तिच्यापुढं कुणी मूठ करत नाही. सून लग्न होऊन आली त्या वर्षी तिनं अठरा वर्षांच्या पोरीच्या बारीक मनगटात दोनच्या मापाची बांगडी अशी सरकवली होती की बिबीजान मनात जळली होती. आज ते आठवलं. त्या दिवशी आपण तिला शाबास म्हणालो नाही, हेही आठवलं.

आणखी एक आठवलं. आठवू नये म्हणून ती झपाझपा चालली, तरी आठवलं. गेल्या उन्हाळ्यात सरकारी माणूस आला होता, पांढरी टोपी, बगलेत पिशवी, पिशवीत कोंबडीचं पीस. गल्लीतल्या प्रत्येकाला डोळे मिटायला सांगायचा आणि पीस लावून विचारायचा, कुठं लागलं? पोरं खिदळत होती. बिबीजाननं त्याला उंबऱ्यावरनंच परतवलं. "आमच्या खानदानात असलं काय न्हाय. तुज्या आईला जाऊन लाव पीस." बिचारा म्हणाला, "मावशी, लवकर सापडलं तर गोळ्यांनी बरं होतंय. वाळीत टाकायचे दिवस गेले." गेले? तिनं खानदानात काही नाही म्हटलं ते खोटं होतं. सुलतानबीखाला होती. तिच्या आईची थोरली बहीण, वडगावच्या ओढ्याकाठी खोपटात ठेवलेली. बिबीजान तेव्हा नऊ वर्षांची. भाकरी फडक्यात बांधून ओढ्याच्या अलीकडच्या दगडावर ठेवायची आणि पळत यायचं, मागं बघायचं नाही, एवढंच तिचं काम. एकदा तिनं मागं बघितलं. खाला दगडापाशी आली होती, पण भाकरी उचलत नव्हती. म्हणाली, "बिबी, वाईच थांब की. बोल काय तरी. लांबनं बोल." बिबीजान नऊ वर्षांची असली तरी तिला तोंड होतं, कुणाच्या बापाला घाबरणारी नव्हती. पण तिथनं ती पळाली. फडकं कधी परत आणायचं नसे. आई दर वेळी जुन्या लुगड्याचं नवं फडकं फाडायची. एक दिवस फडकं फाडलं नाही, तेव्हा कळलं.

बागेत शिरल्यावर उजेडच गेला. वर पोफळींची छतं, खाली पाटाचं पाणी, आणि सगळीकडं कुजक्या पानांचा ओला वास. कोल्हापूरच्या माणसाला ऊन लागतं, मोकळं रान लागतं. इथं झाडावर झाड चढलेलं, त्याच्यावर वेल, वेलीवर शेवाळ. कुणी कुणाला अंगाबाहेर ठेवलेलं नाही. जोतीराम एकेका झाडापुढं उभा राहून शिट्टी मारत होता. "ह्ये जायफळ. ह्यो मिऱ्याचा वेल, पोफळीच्या जिवावर जगतोय, आपल्या गावच्या पुढाऱ्यागत. ही दालचिनी. साल हातावर चोळा, वास घ्या. हात लावून बघा समद्यास्नी, पैसं दिल्यात!" बायका हात लावत होत्या, चोळत होत्या, एकमेकींच्या नाकाला तळवे लावत होत्या. बिबीजान एका लिंबाच्या झाडाआड गेली. तिनं एक काटा मोडून उजव्या हातात घेतला आणि पदराखाली डाव्या हाताची करंगळी टोचली. नाही. शेजारचं बोट. नाही. मधलं बोट. नाही. अंगठाही नाही. मनगटाच्या वर, हं, लागलं. मनगटावरनं एक रेघ जात होती. रेघेच्या अलीकडं ती होती आणि पलीकडं कुणीच नव्हतं. तिनं परत परत टोचून ती रेघ शोधली. जीभ पडक्या दाताच्या जागी जाते तसा काटा त्या रेघेवर जात होता. पदर बाजूला केला तर करंगळीवर रक्ताचे पाचसहा ठिपके, आणि तळव्याला पाण्यानं भाजल्याचे फोड टरारून वर आलेले. हे कधी आले? आपल्याच हाताला फोड येतात आणि आपल्याला कुणी सांगतसुद्धा नाही.

मग तिला त्या मुठी आठवल्या. ह्या वर्षातल्या. दिवसाला तीस म्हटल्या तरी किती. कोवळ्या, बाळंतिणीच्या, मेंदी न सुकलेल्या. प्रत्येक मूठ तिनं ह्या हातात घट्ट धरली होती. वडगावच्या त्या नवरीचं मनगट फाटलं तेव्हा ह्याच तळव्यानं तिचं रक्त दाबून धरलं होतं. ती पाटाच्या कडंला बसली आणि हात पाण्यात घालणार तेवढ्यात तिला पुढं पाटावर तोंड धुणाऱ्या बायका दिसल्या. तिनं हात मागं घेतला.

"चाची! हितं बसलाय व्हय? समदी बाग धुंडाळली." झुंबरबाई धाप टाकत आली, आणि तिच्यामागं तिची लेक शेवंता. शेवंताचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं, चुडा बिबीजाननंच भरायचा असं साखरपुड्यालाच ठरलेलं. "म्या काय म्हनतो, चार हिरव्या बांगड्या आत्ताच भरा पोरीला. पाण्यानं कौल दिलाय आज तुमच्या हाताला. आजच्यासारखा म्हूर्त न्हाय गावायचा. बाकीचा चुडा घरी." आणि गोळा झालेल्या बायका म्हणाल्या, भरा की चाची, आम्हालाबी एकेक भरा. कुणी सतरंजी टाकली. कुणी शेवंताला तिच्यापुढं बसवली. पोरीनं लाजत मूठ पुढं केली. गोरी, घामेजलेली मूठ, अंगठा आत दुमडलेला.

चाळीस वर्षांत पुढं आलेली मूठ बिबीजाननं परत पाठवली नव्हती. नवरीची मूठ तर नाहीच. परत पाठवणं हा अपशकुन, आणि हे सगळ्यांना माहीत. तिनं मूठ बघितली. पदराखालचा हात आपणहून पुढं निघाला होता. चाळीस वर्षांची सवय, त्याला थांबायचं माहीत नव्हतं. तो पदराच्या काठापर्यंत आला आणि तिनं उजव्या हातानं त्याचं मनगट धरून त्याला मागं ओढलं.

"सलमा भरंल," ती म्हणाली.

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. झुंबरबाईचं तोंड उघडंच राहिलं. "सलमा? अवं, तुमीच म्हनला हुता की तिचा हात जड हाय. माझ्या लेकीचं लगीन हाय, चाची, थट्टा नव्हं."

"म्हनलो हुतो."

"मग?"

"खोटं बोललो." तिनं झुंबरबाईच्या डोळ्याला डोळा दिला. "तिचा हात माझ्यापरास हलका हाय. मला बघवलं न्हाय, म्हणून बोललो. झालं समाधान? आता काय ढोल वाजवून सांगू? सलमा, ये हिकडं. मलार घे."

सलमा गर्दीतनं पुढं आली. तिनं सासूच्या उजव्या दंडावरचं मलार काढून घेतलं, घेताना डाव्या हाताला धक्का लागू नये एवढं अंतर ठेवून. ती शेवंतापुढं बसली आणि तिनं मूठ डाव्या हातात घेतली. सहा महिन्यांत काच हातात न धरलेल्या त्या बोटांनी क्षणभर वाट बघितली, हाड ऐकलं, आणि पहिली बांगडी गेली. दुसरी गेली. आवाजसुद्धा झाला नाही. बिबीजान टक लावून बघत होती, चूक व्हावी म्हणून का होऊ नये म्हणून, हे तिला सांगता आलं नसतं. चार बांगड्या झाल्या, आहेवपणाची म्हणून फुकटची एक वर झाली. शेवंता उठून सलमाच्या पाया पडली, मग वळून बिबीजानपुढं वाकली आणि तशीच वाकून राहिली. "डोक्यावर हात ठेवा की, चाची." बिबीजाननं दोन्ही हात पाठीमागं घेतले. "सुखी ऱ्हा," ती म्हणाली. "तोंडानं दिल्याला आशीर्वाद बी लागतोय. ऊठ." झुंबरबाईनं तिच्याकडं असं बघितलं की त्या नजरेतलं कुंडावरचं पाया पडणं कुठल्या कुठं गेलं. "मिजास बघा म्हातारीची," कुणीतरी मागं पुटपुटलं. बिबीजानला ते ऐकून बरं वाटलं. मिजासखोर म्हणू देत. तो शब्द तिच्या ओळखीचा होता.

गाडी निघाली तेव्हा सलमा तिच्या शेजारी येऊन बसली. मांडीवर मलार. पुढच्या बाकांवर शेवंताला चिडवायचं चाललं होतं.

"हात पदराखाली घ्या," सलमा खिडकीबाहेर बघत म्हणाली. "फोड दिसाल्यात."

बिबीजाननं घेतला. मग म्हणाली, "तुला कवापासनं ठावं हाय?"

"दिवाळीच्या आदीपासनं. तुमी चुलीवरनं तवा उतरवलासा, फडकं न घेता."

"आनि बोलली न्हाईस."

"बोललो असतो तर तुमी काय केलं असतं?"

बिबीजाननं विचार केला. काय केलं असतं ते तिला चांगलं माहीत होतं. माहेरी धाडली असती, बदनाम करून. "चमनला ठावं हाय?" तिनं मुलाचं विचारलं.

"न्हाय. कुनाला न्हाय." सलमा मलारातल्या बांगड्या बोटानं सारख्या करत होती. "सोमवारी दवाखान्यात जायाचं. मी संगट येतो. गोळ्या देत्यात म्हनं, वरीस, दोन वरसं. कुनाला सांगायचं कारन न्हाय. बोळात उद्यापासनं मी बसणार."

"व्हय," बिबीजान म्हणाली. सुनेला 'व्हय' म्हणायची तिची ही पहिली वेळ. तिला वाटलं आता संपलं. पण सलमा थांबली नव्हती. तिचा आवाज चढला नाही, पण बारीकही झाला नाही. तो आवाज बिबीजानचाच होता, कामाचा, घासाघीस न ऐकणारा.

"आनि बरं हुईस्तोवर माझ्या पोरांस्नी हात लावायचा न्हाय. त्यांचं ताट, तुमचं ताट येगळं. मागल्या खोलीत निजा. त्यांस्नी मी सांगतो, दादीला खोकला झालाय म्हून."

रागानं बोलली असती तर बिबीजाननं दहा उत्तरं दिली असती. दयेनं बोलली असती तर वीस. पण सलमा दोन्ही नव्हती, आणि तिच्या जागी बिबीजान असती तर तिनं हेच, अगदी हेच सांगितलं असतं, कदाचित मागच्या दिवाळीलाच सांगितलं असतं. धाकटा नातू रोज दुपारी तिच्या मांडीवर झोपायचा. डावा हात उशाला घेऊन. इतके दिवस हाताला त्याच्या डोक्याचं वजन वाटेना, तर तिला वाटायचं पोर वाळत चाललंय, आणि ती सलमाला शिव्या द्यायची, पोराला खायला घालत नाहीस म्हणून.

घाट लागला. पहिल्याच वळणाला गाडी कलली, बायका एका अंगावर पडल्या आणि हसत ओरडल्या. जोतीरामानं शिट्टी मारली. "धरून बसा गं समद्या! दांडी धरा!" बिबीजाननं दोन्ही हातांनी पुढच्या बाकाची दांडी पकडली. उजव्या हाताला लोखंड लागलं, गार, धक्क्यानं थरथरणारं. डाव्यानं धरलंय का नाही, हे कळायला तिला मान खाली घालून बघावं लागलं.